त्या डोंग्यात तुमचं कोण होतं

न्हाव्याने वस्तरा रुपरावांच्या गळ्यापाशी नेला तेव्हा कौशल्याने बोलायला सुरुवात केली.

आमदार निवासाच्या अंगणात हिवाळ्याचं ऊन नुकतंच उतरलं होतं. रुपराव बनियनवर, खांद्याला टॉवेल गुंडाळून, लाकडी खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. कौशल्या त्यांच्या बाजूला उभी राहिली आणि वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं तशा सपाट आवाजात म्हणाली,

"कलम चार राहिलं पाहिजे, साहेब. बाकीचं विधेयक डोंगे चालतात त्या नदीघाटांच्या लिलावाचं आहे. माणसांचं कलम तेवढं एकच आहे."

रुपरावांनी टॉवेलखालून एक बोट वर केलं. थांबा म्हणायचं होतं की चालू द्या, ते कळायला मार्ग नव्हता. कौशल्याने चालू ठेवलं.

आमदाराला गाठावं तर दाढीच्या वेळी, हा मनोहररावांचा शोध. गालाला साबण आणि गळ्याला वस्तरा असला की मोठ्यातला मोठा पुढारीही निमूट ऐकून घेतो, मध्येच 'ते आमच्यावर सोडा' म्हणत नाही. मनोहरराव बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते आणि पूल बांधायचे संपल्यावर नियम बांधायला लागले होते. महाल भागात, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर त्यांची नागरिक सभा भरायची. सभेत माणसं मोजकी आणि नियम भरपूर. कोणत्याही पक्षाचा झेंडा धरायचा नाही. कोणत्याही आमदाराचा चहा प्यायचा नाही. या एका नियमापायी निम्मे सभासद पहिल्याच हिवाळ्यात गळाले. जायचं ते जोडीने, त्यातल्या एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने मुकं राहून नुसतं ऐकायचं, म्हणजे कोण काय म्हणालं यावर पुढे वाद होत नाही. आमदाराला चुकीची माहिती गेली तर मतदानाच्या आधी परत जाऊन ती दुरुस्त करायची, मग आपलं नाक कापलं गेलं तरी बेहत्तर. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे आपल्या घरचं गाऱ्हाणं आमदारापुढे आणायचं नाही.

"आपण फिर्यादी नाही, नागरिक आहोत," असं ते प्रत्येक नव्या सभासदाला सांगत.

आज ते स्वतः मुके होते. मफलर गुंडाळून कौशल्याच्या मागे उभे होते.

"प्रत्येक डोंग्याला बाहेरून पांढरी रेघ मारायची," कौशल्या सांगत होती. "पाणी रेघेला लागलं की त्यात आणखी माणूस चढवायचा नाही. आणि ते बघायला घाटावर सरकारी रखवालदार पाहिजे. ठेकेदाराचा माणूस डोंगा भरायला उभा असतो, अडवायला नाही. त्याच्या हाताने डोंगा अडणार नाही. कलमात एवढंच आहे."

न्हाव्याने वस्तरा पुसला, तुरटी फिरवली आणि बाजूला झाला. रुपरावांनी मान सरळ केली.

"झालं बाई तुमचं?"

"झालं."

"मंग आता मी बोलतो." त्यांनी टॉवेलने कानामागचा साबण पुसला. "तीन वर्सापासून पाहून राहिलो मी तुमाले. दर हिवाळ्यात येता, तेच सांगता. आवाजबी चढवत नाही. पण आमच्याकडचे ठेकेदार काय म्हणतेत माहीत हाय? म्हणतेत, ज्यायचे लोक बुडाले त्यायनंच हे कलम घुसडवलं. सूड काढून राहिले म्हणतेत. अन् परवा एक जण हे कलम काढून टाका म्हणून उभा राहणार हाय. नदीकाठचे सगळे आमदार माह्याकडे पाहून ठरवतेत. कोणाच्या सुडापायी मी त्यायले हो म्हणायले लावणार नाही. म्हणून सरळ इचारतो. तो खाप्याजवळ डोंगा बुडाला, त्या डोंग्यात तुमचं कोण होतं?"

मनोहरराव मागे खोकले. मुक्याला तेवढीच मुभा होती.

"कोणी नाही," कौशल्या म्हणाली.

नळाला पाणी आलं का असं कोणी विचारावं आणि नाही म्हणावं, इतक्या सहज ते तिच्या तोंडून गेलं.

"सोयरंधायरं? गाववालं?"

"कोणी नाही."

"नक्की नं बाई? सभागृहात उभं राहून सांगावं लागन मले."

"नक्की."

रुपराव हसले.

"मंग कायले येता एवढं?"

"कलम चांगलं आहे म्हणून."

न्हावीसुद्धा हसला. रुपराव उठले, खोलीत जाऊन गॅलरीचे दोन पास घेऊन आले आणि तिच्या हातात देत म्हणाले,

"परवा या. तुमच्या मालकालेबी आणा. बायको एवढी कायले फिरते ते त्यायलेबी समजू द्या."

जया त्या डोंग्यात होती. कौशल्याची एकुलती एक मुलगी. नर्सिंगचं शिक्षण पुरं करून तिला पहिलीच नेमणूक मिळाली होती ती कन्हान नदीपलीकडच्या उपकेंद्रात. खाप्याहून पुढे नदीकाठी जायचं आणि डोंग्याने पलीकडे उतरायचं. तो बाजाराचा दिवस होता. डोंगा काठोकाठ भरला होता, आणि तरी ठेकेदाराच्या माणसाने एकाच्या बकऱ्या आत चढवल्या. मधल्या धारेत एक बकरी बिथरली, माणसं एका बाजूला झाली आणि डोंगा तसाच कलला. जया खालच्या अंगाला बाभळीच्या झुडपात अडकलेली सापडली, पांढऱ्या साडीमुळे लांबूनच दिसली.

तेव्हा कौशल्या रडली नाही. इंदोऱ्यातल्या, त्यांच्या वस्तीतल्या बायांनी तिला जवळ घेतलं, गदागदा हलवलं, मुद्दाम जयाचं नाव घेऊन गळे काढले. बाई रडली नाही तर वेडी होते, असं म्हणून एकीने तिला चिमटाही काढला. काही झालं नाही. पंधरवड्याने ती शाळेत गेली आणि तिसरीच्या मुलांना पाढे सांगितले. नवरा मात्र रडायचा. रामाजी गिरणीत साच्यावर कापड विणताना रडायचा, जेवताना रडायचा, रस्त्यात पांढऱ्या साडीतली एखादी नर्स दिसली की सायकलवरून उतरून रडायचा. दोघांचं रडणं तो एकटाच रडून काढत होता आणि तिला ते सोयीचं वाटे.

सभेत ती आपणहून गेली. मनोहररावांनी तिची हकिकत ऐकून घेतली आणि चाचरत म्हणाले, "ते सगळं तुम्हाला दाराबाहेर ठेवून यावं लागेल, बाई." तिने बरं म्हटलं. दाराबाहेर ठेवायला तिच्याजवळ काही नव्हतंच, हे त्यांना हळूहळू कळलं. ती बोलायला लागली की आवाज कुठेही हलत नसे. अशी बोलकी आपल्याला आजवर मिळाली नव्हती, असं ते सभेत म्हणाले, आणि नंतर तसं म्हटल्याचं त्यांना वाईट वाटलं असावं, कारण पुढे त्यांनी तिची कधी स्तुती केली नाही.

आमदार निवासाच्या फाटकाबाहेर मनोहरराव सायकलचं कुलूप काढायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"कौशल्याबाई, आमदाराला चुकीची माहिती गेली."

"हो."

"आपला नियम आहे."

"जाऊ का परत? अजून खोलीतच असतील."

मनोहररावांनी फाटकातून आत पाहिलं. रुपरावांच्या खुर्चीवर आता दुसरा आमदार बसला होता आणि न्हावी त्याच्या तोंडाला साबण फासत होता.

"सांगितलं तर ते कलम सोडतील," मनोहरराव म्हणाले.

"सोडतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"धरतील."

त्यांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसला, परत घातला आणि परत काढला. आयुष्यभर सिमेंटमध्ये रेतीचं प्रमाण चुकलं म्हणून ठेकेदारांना कामं पाडायला लावलेला माणूस. वरून फोन आले तरी ऐकायचा नाही म्हणून खात्यात बदनाम होता.

"दुरुस्ती करायची ती विधेयकाविषयीच्या माहितीची," शेवटी ते म्हणाले. "ही माहिती व्यक्तिगत आहे. विधेयकाशी तिचा संबंध नाही."

"बरं," कौशल्या म्हणाली.

ती वाद घालेल असं त्यांना वाटलं असेल. कदाचित तिने वाद घालावा असंही वाटलं असेल. ते सायकल धरून उभेच राहिले.

"तुम्हाला काही वाटत नाही?"

कौशल्याने खरंच आत शोधून पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

ते खरं होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही, मनोहररावांना मात्र भीती वाटली आणि ते सायकलवर न बसता ती हातात धरून चालत गेले.

संध्याकाळी घरी दिवा लावून दोघं वंदनेला बसली. हा नेम छप्पन सालापासूनचा. त्या साली दोघांनी पांढरे कपडे घालून, जयाला कडेवर घेऊन, त्या प्रचंड गर्दीत उभं राहून पाच शीलं घेतली होती, आणि तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. जया मोठी झाल्यावर तिघांत तिचाच आवाज खणखणीत असे. आता दोघांचे उरले होते आणि त्यातला रामाजीचा शेवटपर्यंत टिकत नसे. कौशल्याला वाटलं होतं, आज चौथ्या शीलावर आपण अडखळू. खोटं बोलणार नाही, हे ते शील. तिने ते म्हटलं, पाचवं म्हटलं आणि वाकून नमस्कार केला. काही अडलं नाही. रामाजीने नेहमीप्रमाणे शर्टाच्या बाहीला नाक पुसलं.

जेवताना तिने पास त्याच्यापुढे ठेवला.

"हे काय होय?"

"परवा कलमावर मत हाय. आमदारानं तुमालेबी बोलावलं."

"मले कायले?" त्याने पास उलटसुलट केला. "मी काय समजतो त्यातलं? तू जाय नं."

"तुमची मर्जी."

तो पासकडे बघत भात कालवत राहिला.

"हे कलम झालं असतं तर आपली जया वाचली असती, होय नं?"

"तेव्हा नव्हतं नं."

"नव्हतं हे मलेबी माहीत हाय. इचारून राहिलो मी." त्याचा आवाज चिरकला. "तू तिचं नाव काहून घेत नाही वं? चार गावचे आमदार धुंडाळते, रेघ म्हणते, डोंगा म्हणते, रखवालदार म्हणते. पोट्टीचं नाव तेवढं घेत नाही. एकदा तुह्या तोंडून ऐकू दे मले."

"भात घ्या अजून," कौशल्या म्हणाली.

तो ताटावरच रडला. तिने त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. आमदाराला आपण काय सांगितलं ते आताच याला सांगावं, असं तिच्या मनात आलं. उद्या सांगू, तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी रामाजीने गिरणीतून रजा काढली, लग्नाकार्याचा शर्ट परटाकडून इस्त्री करून आणला आणि खुंटीवर टांगला. त्या शर्टाकडे बघून तिने सांगणं पुन्हा पुढे ढकललं.

विधानभवनात शिपायाने रामाजीची पानाची डबी काढून घेतली आणि पायावर पाय टाकून बसायचं नाही अशी ताकीद दिली. गॅलरीत मनोहरराव स्वतःचा पास काढून आधीच येऊन बसले होते. रामाजीने त्यांना जय भीम घातला. त्यांनी हात जोडले आणि लगेच नजर खाली सभागृहाकडे वळवली.

बराच वेळ लिलावाच्या मुदतीवर बोलणं चाललं. कोणी झोपलं होतं, कोणी वर्तमानपत्र घडी करून वाचत होतं. मग एक सदस्य उठले आणि कलम चार वगळावं म्हणून बोलले. रेघ मारणं ठीक आहे, पण गोरगरीब नावाड्यांच्या पोटावर पाय कशाला? एक दुर्दैवी घटना घडली, ज्यांच्या घरी ती घडली त्यांच्याविषयी सहानुभूती आहे, पण कायदा असा रडून करायचा नसतो. बाकं वाजली. कौशल्याला ते बोलणं पटण्यासारखं वाटलं. रडून करायचा नसतो हे तर मनोहररावही म्हणत.

रुपराव उठले. अंगणातले रुपराव वेगळे आणि हे वेगळे. कडक इस्त्रीत, हात मागे बांधून.

"अध्यक्ष महाराज, या कलमामागे सूड आहे असं सन्माननीय सदस्य म्हणाले. मलाही तोच संशय होता. म्हणून मी स्वतः चौकशी केली. एक शिक्षिका तीन वर्षं हिवाळ्यात माझ्या दारात येते. कोणत्याही पक्षाची नाही. माझा चहासुद्धा घेत नाही." हशा झाला. "मी तिला तोंडावर विचारलं, बाई, त्या डोंग्यात तुमचं कोण होतं? ती म्हणाली, कोणी नाही. सोयरं नाही, गाववालं नाही. अध्यक्ष महाराज, ज्या बाईचं त्या नदीत काहीएक गेलेलं नाही, ती बाई परक्या लेकरांसाठी तीन वर्षं माझ्या दारात उभी राहते, आणि मी त्या काठाचा प्रतिनिधी असून बसून राहू?"

रामाजीने ऐकलं ते त्याला आधी समजलं नसावं. तो रुपरावांकडे बघतच राहिला. मग त्याने सावकाश मान वळवली आणि कौशल्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती. आता हा उठेल, असं तिला वाटलं. उठून ओरडेल, शिपाई त्याला बाहेर नेतील, ठेकेदाराची माणसं बाहेर वाट बघतच असतील आणि कलम जाईल. तिने त्याचा हात धरला नाही. मनोहररावांनी डोळे मिटून घेतले होते.

रामाजी उठला नाही. त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि शिपायाने सांगितलं होतं तसा, पाय जमिनीला टेकवून, ताठ बसून राहिला.

कलम वगळण्याची सूचना मताला टाकली. खालून आवाज आले. अध्यक्षांनी सूचना फेटाळल्याचं सांगितलं, आणि सदस्य लगेच कलम पाचकडे वळले. एवढ्या वेळात झालंसुद्धा. तीन हिवाळे ज्याच्यासाठी ती फिरली ते, घड्याळाकडे कोणी पाहिलं नाही इतक्यात होऊन गेलं. आपल्याला आनंद होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि तो झालाही नाही.

बाहेर आवारात रुपराव त्यांना शोधतच आले. त्यांच्याबरोबर पांढऱ्या टोपीचे एक म्हातारे सदस्य होते.

"याच त्या बाई," रुपराव म्हाताऱ्यांना म्हणाले. "बाई, हे विधान परिषदेतले. आमच्याकडे झालं, पण उद्या तिथंबी झालं पाहिजे. ठेकेदार कालपासून यायच्याच दारात बसून हायेत."

म्हाताऱ्यांनी कौशल्याला नमस्कार केला आणि डोळे बारीक करून तिला नीट न्याहाळलं. सहज ऐकून सोडून देणारा माणूस तो दिसत नव्हता. मग ते रामाजीकडे वळले.

"तुम्ही मालक का बाईचे? काय करता जी?"

"मिलमधे हाय."

"बरं बरं. लेकरंबाळं काय?"

विचारलं ते रीतीप्रमाणे. कोणीही कोणालाही विचारतं. रुपराव दुसऱ्या कोणाला तरी हात दाखवत होते. मनोहरराव दोन पावलं मागे उभे होते.

रामाजीने कौशल्याकडे पाहिलं नाही.

"नाही जी," तो म्हणाला. "लेकरू नाही आमाले."

"झालंच नाही?"

"झालंच नाही."

म्हाताऱ्यांचा चेहरा एकदम सैल पडला. त्यांनी रामाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरेरे. असते असं एखाद्याच्या नशिबात." मग रुपरावांना म्हणाले, "आता समजलं मले. सोताचं नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकरासाठी जीव तुटून राहिला बाईचा. ठेकेदार उगाच बोंबलून राहिले. सांगतो मी आमच्या लोकायले."

ते दोघे पायऱ्यांकडे गेले. मनोहररावांनी रामाजीपुढे हात जोडले आणि तसेच निघून गेले.

आपण स्वतः 'कोणी नाही' म्हणालो तेव्हा कौशल्याच्या आत काही हललं नव्हतं. आता हललं. 'झालंच नाही' हे रामाजीच्या तोंडून ऐकलं तेव्हा हललं. हा तोच माणूस, जया झाली तेव्हा गिरणीतून पळत आलेला, अंगावरच्या कापसासकट तिला उचलणारा, दायीची बोलणी खाणारा. दोघं फाटकाबाहेर पडली आणि बर्डीच्या दिशेने चालायला लागली.

झिरो माईलच्या दगडापाशी रामाजी कट्ट्यावर बसला. ती उभी राहिली. समोरून टांगे, सायकली, मोर्च्यातली माणसं चालली होती. कोणत्या तरी मोर्च्यातल्या बाया भाकरीची गाठोडी सोडून रस्त्याच्या कडेलाच जेवायला बसल्या होत्या.

"मले सांगाचं नं," तो म्हणाला.

"सांगणार होती."

"मी काहीच ठरवलं नव्हतं. त्यायनं इचारलं अन् निघून गेलं तोंडातून."

"माह्याबी तोंडून तसंच निघालं."

तो मान हलवत राहिला. ती वाट बघत होती. आता त्याचा खालचा ओठ थरथरेल, मग तो मान खाली घालेल, मग बाहीला नाक पुसेल. तीन वर्षांत हे इतक्यांदा पाहिलं होतं की तिने आपला पदर त्याला द्यायला हातात धरूनही ठेवला होता. तो समोरच्या बायांकडे बघत होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"उद्या परिषदेत हाय?" त्याने विचारलं.

"हो."

"उद्याबी कोणी इचारलं तर?"

कौशल्याने हातातला पदर परत खांद्यावर घेतला.

"हेच सांगा लागन," ती म्हणाली.

"बरं," रामाजी म्हणाला.

सपाट, कुठेही न हललेलं ते बरं ऐकून ती घाबरली. इतक्या वर्षांत कशालाच न घाबरलेली बाई, भर रस्त्यात, लोकांदेखत नवऱ्याच्या जवळ टेकली आणि तिने त्याचा दंड घट्ट धरला.

"जया," ती म्हणाली. "अवो, आपली जया."

त्याने तिच्याकडे पाहिलं. हे नाव ऐकायला किती तरसला होता, तरी त्याचे डोळे कोरडेच होते.

"रडा नं थोडंसं," कौशल्या म्हणाली.

"येऊन नाही राहिलं वं," तो म्हणाला.